शेगड्याचा जन्मदाखला

लोहाराने म्हातारपणी दुकान मोकळं करायला घेतलं तेव्हा भाता, ऐरण, घण सगळ्यांची सोय लागली. अडून बसला तो एकटा शेगडा, दांडी फिरवून लोखंड आवळून धरायचं हत्यार. कोपराइतका उंच, एका पायावर उभा, आणि एकदा जबड्यात लोखंड धरलं की यमाच्या बापालाही न सोडणारा. लोहाराची मुलगी कारागिरांच्या शाळेत शिकवायची. तिथले प्राचार्य शेगडा घ्यायला तयार होते, पण जुनी वस्तू म्हणून. अर्जात दोन रकाने होते: बनवणारा कोण आणि वर्ष कोणतं. शनिवारपर्यंत ते भरले तर शेगडा शाळेत, नाहीतर भंगाराच्या गाडीत.

"स्वतःचा जन्मदाखला अजून सापडला नाही तुम्हाला," बायको म्हणाली, "आणि ह्याचा शोधताय."

"माझ्या दाखल्यावाचून कुणाचं अडलं नाही. ह्याला वितळवतील."

मुलीने जुन्या हत्यारांच्या एका जाणकाराचा नंबर दिला. जाणकारांना ज्ञान दांडगं, पण ऐकू जरा कमी यायचं. लोहाराने फोन लावला.

"शेगडा आहे जुना. कुणी केला, कधी केला, ते बघायचंय."

"शेगडी? किती बर्नरची?"

बर्नर म्हणजे यातलाच काही भाग असावा, असं लोहाराला वाटलं. "ते माहीत नाही. पाय एकच आहे."

"बाकीचे मोडले?"

"नाही हो, मुळातच एक. जमिनीत पुरलाय. नाहीतर घणाने हलतो."

"शेगडीवर घण मारता?"

"रोज. पन्नास वर्षं झाली."

जाणकारांनी हळूच विचारलं, "घरची माणसं बरी आहेत ना?"

"बरी आहेत. का हो?"

"सहज विचारलं. हे बघा, खूण काजळीखाली असेल. लिंबू-मीठ चोळा, खूण दिसली की कळवा. शनिवारी येतो. ही शेगडी बघायलाच हवी."

घरातली सगळी लिंबं शेगड्याने खाल्ली. नवरा-बायकोने घासघास घासलं, तेव्हा मागच्या बाजूला एक आकडा उमटला: ३२. नेमका तेव्हाच मेहुणा आला. पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस, त्याला कशातलं कळत नाही असं नव्हतं.

"अठराशे बत्तीस," तो म्हणाला. "अठराशे लिहायचा कंटाळा केलाय."

लोहाराने तेच मुलीला सांगितलं, तिने प्राचार्यांना सांगितलं, आणि प्राचार्यांनी शाळेच्या दारात काचेचं कपाटसुद्धा उभं केलं.

शनिवारी सगळे एकदमच आले. भंगारवाला गाडी घेऊन, प्राचार्य अर्ज घेऊन आणि जाणकार आपली पिशवी घेऊन. दारातून वारा सारखा येत होता, म्हणून मुलीने अर्ज शेगड्याच्या जबड्यात हलकेच दाबून ठेवला.

"शेगडी कुठाय?" जाणकारांनी विचारलं.

लोहाराने बोट दाखवलं. जाणकारांनी शेगड्याकडे पाहिलं, मग लोहाराकडे पाहिलं, आणि पिशवीतून काढलेला बर्नर गुपचूप परत ठेवला.

"हा तर शेगडा."

"मग मी काय म्हणत होतो?"

त्यांनी चष्मा चढवून आकडा पाहिला. "हे साल नाही. वजन आहे. बत्तीस शेर. पूर्वी असं ठोकून ठेवायचे."

मेहुणा बाहेर जाऊन आकाशाकडे बघू लागला. भंगारवाल्याने गाडीची मागची फळी पाडली.

"म्हणजे वर्ष नाही, बनवणाराही नाही," प्राचार्य म्हणाले. "मला वाईट वाटतं, पण अर्ज परत न्यावा लागेल." त्यांनी कागद ओढला. निघेना. जबडा सैल करायला त्यांनी दांडी फिरवली. जबडा आणखी आवळला. त्यांनी कोट काढून जोर लावला, तेव्हा शेगडा कुरकुरला आणि कागद पार रुतून बसला.

"उलट फिरवताय, साहेब," लोहार म्हणाला.

"सगळीकडे असंच सैल करतात."

"सगळीकडचे शेगडे उलटे असतात. आमचा सुलटा आहे."

जाणकार पटकन पुढे आले. त्यांनी दांडी मागेपुढे फिरवून पाहिली आणि स्क्रूच्या आट्यांवरून बोट फिरवलं. "अहो, आटे डावे आहेत ह्याचे. कुठला कारखाना असे आटे पाडेल? हे कुणीतरी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या हातासाठी घडवलंय. घरात डावखुरं कोण होतं?"

"आजोबा," लोहार म्हणाला. "दुकान त्यांनीच घातलेलं. डाव्या हाताने जेवायचे, म्हणून आजीची रोज बोलणी खायचे." एवढं बोलून तो खाली बसला. पन्नास वर्षं तो आजोबांच्या हाताने आवळत होता आणि त्याला पत्ताच नव्हता.

"बनवणारा मिळाला," प्राचार्य म्हणाले, "पण वर्षाशिवाय जुनी वस्तू म्हणता येत नाही."

मुलगी वाकून अर्ज वाचत होती. "सर, वर छापलंय, 'जुनी वस्तू / चालू हत्यार, नको ते खोडा.' चालू हत्याराला वर्ष लागत नाही. फक्त तपासणी लागते."

"तपासणी कोण करणार?"

"आत्ता कोट काढून केलीत ना तुम्ही."

तिने 'जुनी वस्तू' खोडलं. "काचेत नको ठेवायला. माझ्या वर्गात डावखुऱ्या तिघी आहेत. त्यांच्या हाताला एकही हत्यार बसत नाही."

प्राचार्यांनी भंगारवाल्याकडे पाहिलं, त्याने फळी वर केली. "बरं, कागद सोडवा, सही करतो."

"आधी सही, साहेब," लोहार म्हणाला. "धरलेला कागद हलत नाही. अक्षर चांगलं येतं."

प्राचार्यांना सहीसाठी शेगड्यापुढे पार कमरेत वाकावं लागलं. आजोबांपुढे इतकं कधी कुणी वाकलं नव्हतं, त्यामुळे लोहाराने जरा सावकाशच सोडवला कागद.