लांब मानेची किटली

पारख करावी तर मीच! चार मुली उजवल्या, दोन गाढवं विकली. त्यातलं एकही परत आलं नाही. मग एक किटली निवडणं काय अवघड?

नात मुअत्तर ताश्कंदला कॉफीच्या दुकानात कामाला. तिथेच एका पोराशी तिचं जुळलं. आता त्याची आजी, झेबोबाई, आमच्या मर्गिलानला मुलगी बघायला येणार होती. तिनं हो म्हटलं की रिवाजाप्रमाणे नान मोडायचा, लग्न ठरलं!

"आजोबा, मी त्यांना माझ्या हातची कॉफी पाजणार," मुअत्तरनं फोनवर बजावलं. "बारीक धारेची विजेची किटली आणून ठेवा."

दुकानात सात किटल्या. एकीची मान थेट माझ्या आईच्या हातपाय धुवायच्या झारीसारखी!

"हीच द्या!"

"आजोबा, ही कॉफीची आहे हं."

"मग मी काय उंट धुवायला नेतोय?"

घरी पाणी भरलं, चाळीस अंशांचा आकडा लावला, बोट बुडवून पाहिलं. झकास कोमट! तशीच चालू ठेवून न्हाव्याकडे गेलो.

परतलो तर मुअत्तर आणि पाहुणे आलेले आणि किटली गायब!

"अगं, ती लांब मानेची कुठाय?"

"झारी होय? परसातल्या संडासात ठेवली, पाहुण्यांसाठी," बायको खुशीत म्हणाली. "जन्मात एकदा कामाची वस्तू आणलीत हो!"

"अगं, कॉफीची किटली ती! झेबोबाई कुठायत?"

बायकोनं नुसतंच परसाकडे बोट दाखवलं. पोरीचं लग्न मोडलं!

झेबोबाई आल्या त्या डोळे पुसतच.

"हमदमभाऊ, सत्तर हिवाळे मी बर्फासारख्या पाण्यानं काढले. जिथं संडासातसुद्धा पाहुण्याला कोमट पाणी मिळतं, त्या घरची पोर मला हवी! आणा नान!"

नान मोडला. मुअत्तर रडली, बायको रडली, मी तर हुंदके दिले.

"आजोबा, किटली द्या ना आता!"

"मिळाली नाही गं पोरी," मी पुटपुटलो. तिनं चहाच्या किटलीतून कशीबशी कॉफी केली.

लग्नात झेबोबाईंनी एकच वस्तू मागितली. पुन्हा दुकान गाठलं. एक त्यांना, एक मुअत्तरला.

"पहिली बिघडली का, आजोबा?" दुकानदारानं विचारलं.

"छे! रोज वापरात आहे."

"एवढी कॉफी पिता?"

मी टोपी सारखी केली. "नाही रे. आम्ही चहावालेच."