हवा अपेक्षेपेक्षा कमी झाल्यास

"बुडव पाण्यात, बुडबुडा बघ, कुठं दुखतंय ते चाकच सांगेल मग."

उलट्या ठेवलेल्या सायकलीमागून येणारा हा आवाज नियमावलीकाराने लहानपणी इतक्यांदा ऐकला होता, की तो विसरायला त्याला दोन पदव्या घ्याव्या लागल्या. माणसाची प्रगती त्याने काय काय बरोबर न्यायचे सोडले यावरून मोजावी, हे त्या दोन पदव्यांचे सार होय.

विजेच्या गाड्या बनवणाऱ्या एका कंपनीत तो ग्राहकांसाठी नियम लिहीत असे. गाडीतून स्टेपनी काढून टाकण्याची सूचना त्याचीच. "स्टेपनी म्हणजे कंपनीने आधीच दिलेली अपयशाची कबुली," हे त्याचे वाक्य बैठकीत इतके गाजले की त्याला काचेचा करंडक मिळाला. (करंडक दिवाणखान्यात आहे. त्यात किल्ल्या ठेवतात.) स्टेपनीच्या बदल्यात त्याने ग्राहकाला बेचाळीस पानांची पुस्तिका दिली. तिच्यात 'पंक्चर' हा शब्द एकदाही येत नाही.

तो शब्द घरातही वर्ज्य होता. चाळीस वर्षे पंक्चर काढून ज्यांनी त्याला शिकवले, ते त्याचे वडील अण्णा सायकलीचे दुकान विकून त्याच्याकडे राहायला आले, त्याच दिवशी त्याने अगदी मऊ आवाजात सांगितले होते, "अण्णा, चारचौघांत चाकांचा विषय नको." अण्णांनी मान डोलावली आणि नियम पाळला. इतका आज्ञाधारक ग्राहक कंपनीलाही कधी लाभला नव्हता.

पण लेकीच्या शाळेने घात केला. तिसरीच्या वर्गात आजी-आजोबांनी येऊन आपापले काम करून दाखवायचे होते. शाळेच्या अर्जात त्याने अण्णांपुढे 'चाक-तंत्रज्ञान सल्लागार' असे लिहिले. लेकीने शाळेच्या बसमध्ये चढता चढता बजावले, "अकरा म्हणजे अकरा हं, बाबा. मागच्या वेळी तू आलास तेव्हा खुर्च्या उचलत होते."

दहा वाजून वीस मिनिटांनी, भर रस्त्यात, गाडी डावीकडे कलंडल्यासारखी चालू लागली. पडद्यावर अक्षरे उमटली : 'मागील डावे चाक आपले लक्ष वेधू इच्छिते.' वाक्य त्याचेच होते. गाडी कडेला घेऊन त्याने पुस्तिका उघडली.

कलम १ : घाबरू नये. (घाबरला.)

कलम ४ : गाडी जड असून तिच्या पोटाखाली बॅटरी असते, तिला परस्पर जॅक लावू नये. (जॅक दिलेलाच नसल्याने या कलमाचे शंभर टक्के पालन होते.)

कलम ९ : सोबतचा विजेचा पंप व भोक बुजवणाऱ्या फेसाची बाटली वापरावी. (पंप होता. बाटली काढून तिथे त्याने पुस्तिकेच्या तीस जादा प्रती ठेवल्या होत्या.)

कलम १२ : मदतकेंद्राला फोन करावा.

"हवेबाबतची आपली नाराजी आम्ही समजू शकतो," पलीकडची बाई म्हणाली.

"ताई, हे वाक्य मीच लिहिलंय."

"आपण लिहिलंय, याची नोंद घेतली. गाडी उचलून न्यायला माणसं तीन तासांत येतील. सोबत चाकाचं काम जाणणारं कुणी आहे का?"

त्याने शेजारी पाहिले. अण्णा मांडीवर कापडी पिशवी घेऊन समोरच्या काचेतून झाडे बघत होते.

"आहे."

"मग त्यांना चाकापासून लांब ठेवा, सर. कलम सतरा."

कलम सतरा लिहिताना त्याला विशेष आनंद झाला होता. त्याने फोन ठेवला. दहा एकतीस. अकराला तिकडे एक खुर्ची रिकामी असणार आणि तिच्या शेजारी दाराकडे बघणारे एक डोके.

"अण्णा, पिशवीत काय आहे?"

"शाळेचं सामान."

"म्हणजे?"

"सुई, रबरी पट्ट्या, पक्कड. पोरगी म्हणाली, आजोबा, खरं काम दाखवा."

नियमावलीकाराने घसा साफ केला. वीस वर्षे न वापरलेला शब्द कुलपासारखा गंजतो. तो दोनदा अडकला, मग निघाला. "पंक्चर... काढाल का?"

अण्णा उतरले. "गाडी दोन हात पुढं घे," म्हणाले. चाक फिरले आणि त्यात रुतलेला खिळा वर आला. जॅक नाही, फेस नाही. पकडीने खिळा उपटला, सुईने पट्टी आत सारली, शेपूट कापले. पंपाने हवा भरल्यावर अण्णांनी बोटाने थुंकी लावून पाहिली. बुडबुडा आला नाही. एकूण चौदा मिनिटे. सुरुवातीला नियमावलीकार पुस्तिका धरून उभा होता. मग अण्णांनी ती मागून घेतली आणि गुडघ्याखाली ठेवली. (पुस्तिकेचा हा पहिला नोंदलेला उपयोग.)

दहा छप्पन्नला ते शाळेच्या फाटकात होते. रखवालदाराच्या वहीत 'पाहुण्यांचा व्यवसाय' असा रकाना होता. नियमावलीकाराने ठळक अक्षरांत लिहिले : 'पंक्चर काढतात. माझे वडील.' लिहून झाल्यावर त्याचा ऊर भरून आला. आपण केवढे मोठ्या मनाचे आहोत हे त्याला त्या रकान्यात स्पष्ट दिसले, आणि सोमवारी ऑफिसात हे कसे सांगायचे याची वाक्येही जुळू लागली. दुसऱ्या करंडकाला दिवाणखान्यात जागा होतीच. (इथे ज्या वाचकाचे डोळे पाणावले असतील, त्याने ते पुसून घ्यावेत. तोही त्याच दिवाणखान्यातला.)

अण्णांनी चष्मा सावरून वही वाचली.

"खिळा सकाळीच दिसला होता मला," ते म्हणाले. "गाडीत बसताना. वाटलं, शाळेपर्यंत टिकेल."

"मग बोलला का नाहीत?"

"चारचौघांत चाकांचा विषय नको म्हणाला होतास."

"अण्णा, तिथं आपण दोघंच तर होतो."

अण्णांनी पिशवी खांद्याला अडकवली. वर्गाच्या दारातून एक हात जोरजोरात हलत होता, तिकडे बघत ते म्हणाले,

"हो, दोघंच. पण माझ्यापुरते चारचौघे म्हणजे तूच ना रे."