चोविसावा चिमटा

आवराआवर या विषयात माझा हात धरणारं कुणी नाही, हे आधीच सांगून ठेवते. म्हणून बाबांचं टेबल आवरायची वेळ आली तेव्हा आमच्या प्रयोगशाळेचे सर दबक्या आवाजात म्हणाले, "दुसऱ्या कुणाला सांगू का?" तर मी हसलेच.

"छे! अर्ध्या तासाचं काम. आणि सर, मी रडणार वगैरे नाही हं!"

बाबा आमच्याच संशोधन संस्थेत प्राणिगृह सांभाळायचे. एकतीस वर्षं उंदरांचं खाणंपिणं, पिंजरे, बाळंतपणं! त्यांना जाऊन पाच आठवडे झाले होते. मी तिथेच वरच्या मजल्यावर संशोधक. त्यांचा शेवटचा प्रयोग माझाच होता.

प्रयोग असा. शरीरातल्या लढाऊ पेशी एकमेकींना रासायनिक निरोप पाठवतात. या निरोपांना साइटोकाइन म्हणतात. निरोप ऐकायला पेशीवर कान लागतो, तो रिसेप्टर. आमच्या उंदरांमध्ये एक जनुक काढून टाकलेलं होतं, त्यामुळे "बस्स, आता थांबा" या निरोपाचा कानच नव्हता. निरोप यायचा, दारावर धडका मारायचा, आणि या पेशी आपल्याच आतड्याला बडवत सुटायच्या! मी हे लोकांना चाळीस स्लाइड दाखवून समजावते. बाबा आईला जेवताना सांगायचे, "अगं, निरोप पोचतो, ऐकणारा नाही. 'थांबा' ऐकू येत नसेल, तर निदान 'मारा' हे तरी ऐकू येऊ नये, म्हणून दुसरा कान बुजवायचं औषध देतोय."

पिंजरे चोवीस. बारांना औषध, बारांना नुसतं खारं पाणी. कुणाला काय, हे मला कळायचं नाही, सरांनाही नाही. नाहीतर आपल्याला हवं तेच दिसायला लागतं! चिठ्ठ्या टाकल्या बाबांनी आणि यादीचं म्हणून एक बंद पाकीट सरांच्या कपाटात ठेवलं. इस्पितळात भरती व्हायच्या आधी दोन दिवस बसून त्यांनी उरलेल्या सगळ्या डोसांच्या बाटल्या पिंजऱ्यांचे आकडे घालून भरून ठेवल्या होत्या. शुक्रवारी शेवटची बाटली संपली.

तर शनिवारी मी आवरलं. रिकाम्या बाटल्या धुवायला दिल्या. पिंजऱ्यांवरची कार्डं खाचेत नीट बसत असताना प्रत्येकाला वर कपड्यांचा लाकडी चिमटा! चोवीस चिमटे! आई सात महिने ओरडत होती, "माझे चिमटे जातात कुठे?" आणि बाबा निरागस चेहऱ्यानं म्हणायचे, "वाऱ्यानं उडाले असतील." चोर सापडला होता! मी चिमटे पिशवीत भरले आणि विजयी मुद्रेनं घरी आणले.

आईनं पिशवीत डोकावून पाहिलं. मग म्हणाली, "उंदरांतले ना गं? शी!" आणि तिनं ते उकळत्या साबणाच्या पाण्यात टाकले.

सोमवारी सकाळी सरांनी पाकीट फोडलं. आत एक चिठ्ठी. बाबांचं ठसठशीत अक्षर: "चिमटे बघा."

"कुठले चिमटे?" सरांनी विचारलं.

मी चिठ्ठी त्यांच्या हातातून घेऊन पुन्हा वाचली.

"प्रत्येक चिमट्याच्या आतल्या बाजूला," मी पुटपुटले, "पेन्सिलनं लिहिलं असणार, बाबांची सवयच ती. बाहेरून काहीच दिसत नव्हतं."

"मग बघ ना!"

"आईनं धुतले, सर. उकळून."

सर खुर्चीत हळूहळू मावळले. "सात महिने," ते म्हणाले. "अहवालात काय लिहू? यादी प्राणिगृहप्रमुखांनी नीट ठेवली नाही?"

बाबांनी एकतीस वर्षांत एक उंदीर हरवला नव्हता. आणि त्यांच्या नावापुढे शेवटी हे येणार, माझ्या नीटनेटकेपणापायी! "चार वाजेपर्यंत थांबा," मी म्हटलं आणि घराकडे पळत सुटले.

गच्चीत दोरीवर बाबांचे शर्ट वाळत होते. ओळीनं, स्वच्छ, चिमट्यांनी घट्ट धरलेले. आई दर सोमवारी ते अजून धुते, हे मला माहीत नव्हतं. पण थांबायला वेळ नव्हता! मी पटापट चिमटे उपटले. मागून वारा आला आणि दोन शर्ट कठड्यावरून हात हलवत निघून गेले.

"अगं, काय करतेस!" आई धावत वर आली.

मी सगळं सांगितलं. तिनं एक चिमटा उघडून उजेडात तिरका धरला.

"पेन्सिल गेली, पण अक्षर कुठे जातंय? तुझे बाबा लिहायचे का कोरायचे? पोस्टकार्ड लिहिलं की खालच्या टेबलक्लॉथवर उमटायचं! पॉलिश आण."

"कसलं?"

"त्यांच्या बुटांचं, बावळट! काळं."

डबी बाबांच्या बुटांशेजारीच होती. आईनं चिमट्याच्या आत बोटानं पॉलिश चोळलं, फडक्यानं पुसलं, आणि लाकडाच्या खाचेत काळं अक्षर वर आलं: "१४ औषध." मी किंचाळलेच! पुढचा: "३ पाणी." आम्ही दोघी हात काळे करून गच्चीत फतकल मारून बसलो. आई वाचायची, मी लिहायची. मध्येच ती एखादा चिमटा जास्त वेळ धरून ठेवायची. मी घाई केली नाही.

तेवीस झाले. पुन्हा मोजले. तेवीसच!

"एक शर्टाबरोबर गेला!" मी ओरडले आणि जिना उतरत सुटले.

एक शर्ट रस्त्यावर होता, चिमट्याशिवाय. दुसऱ्यासाठी मी समोरच्या इमारतीत तीन बेल वाजवल्या. चौथं दार दातांच्या डॉक्टरांचं. माझे हात कोपरापर्यंत काळे, केस विस्कटलेले.

"चिमटा!" मी म्हटलं. "उंदरांचा!"

ते दोन पावलं मागे सरले. मग आत जाऊन निळा चौकटीचा शर्ट घेऊन आले. कॉलरला चिमटा तसाच. "बाल्कनीत आला होता. मी ओळखला. तुमचे बाबा हाच घालून दात दाखवायला यायचे. वरचं बटण नेहमी उघडं."

मी शर्ट घेतला. वरचं बटण उघडंच होतं. आणि मग त्यांच्या पायपुसण्यावर उभी राहून मी जी रडले, जी रडले! पाच आठवड्यांचं एकदम!

"पाणी देऊ का?" ते घाबरून म्हणाले.

"नको. ॲलर्जी आहे," मी शर्टात नाक पुसत म्हटलं. "उंदरांची."

"मग तिथं नोकरी कशाला करता?"

"त्याला चाळीस स्लाइड लागतील," म्हणत मी जिना उतरले.

गच्चीत परतले, चिमट्याला पॉलिश चोळलं. "१९ औषध." चारला दहा मिनिटं कमी असताना सरांना फोनवर यादी वाचून दाखवली. ते म्हणाले, "वहिनींना नमस्कार सांग. अहवालात त्यांचं नाव, म्हणजे दोघांचंही घालू."

मी फोन ठेवून ऐटीत आईकडे पाहिलं. "मिळवला की नाही चोविसावा? चार बेल वाजवल्या!"

आई शर्ट उलटासुलटा करून बघत होती. कॉलरवर माझ्या पाच बोटांचं काळं पॉलिश.

"औषधवाले बारा आणि पाणीवाले बारा, असंच होतं ना गं?"

"हो."

"मग तेवीस मिळाल्यावर चोविसावा बसल्या जागी मोजून कळला असता."

मी यादीवर बोट ठेवून मोजलं: पाणी बारा, १९ सोडून औषध अकरा! दोन पदव्या आहेत माझ्याकडे, आणि एक पीएचडी.

"शर्ट आणायला गेले होते," मी म्हटलं.

"ते बरं केलंस," आई म्हणाली. "हा आता धुवायला नको."