एल निवडुंगोतील अटकसत्र

२००४ सालच्या एका शनिवारी ललित पिंगळे याने आपल्या शाखाधिकाऱ्यांना, म्हणजे भामरे साहेबांना, सपत्नीक जेवायला बोलावले. यामागे निव्वळ आदर होता. त्याच सुमारास बँकेत बदल्या निघाल्या होत्या आणि दूरच्या, आडवळणी सुरगाण्यासाठी ललितचे नाव घेतले जात होते, हा योगायोग समजावा.

हॉटेल निवडले ते मंजुषाने, म्हणजे ललितच्या बायकोने. गंगापूर रोडला ‘एल निवडुंगो’ नावाचे मेक्सिकन हॉटेल नुकतेच उघडले होते.

“तिथे चांगलं काय मिळतं?” ललितने विचारले.

“ते कुणी सांगत नाही. पण सगळे जाऊन आलेत.”

“वडिलांनाही आणा,” असे साहेब म्हणाल्यामुळे मखमलाबादच्या मळ्यातून गोटीरामतात्या आले. दारातच अडचण उभी राहिली. आत प्रत्येकाने मोठ्या काठाची मेक्सिकन टोपी घालणे सक्तीचे होते आणि तात्यांच्या डोक्यावर आधीच एक टोपी होती. ती काढायला त्यांनी साफ नकार दिला. एका डोक्यावर दोन टोप्या घालण्याविषयी नियम मौन बाळगून असल्याने अखेर परवानगी मिळाली.

मालकाने मेक्सिको पाहिला नव्हता, पण इंग्रजी सिनेमे भरपूर पाहिले होते. त्यामुळे आत प्लास्टिकचे निवडुंग होते, कमरेला पिस्तूल लावलेला शेरीफ होता आणि एका कोपऱ्यात गजांचा तुरुंगही होता. शेरीफ दीपक नामपूरचा, बोली अहिराणी. हॉटेलच्या मेक्सिकनपणाला धक्का लावणाऱ्याला तो ‘वातावरणभंगा’च्या गुन्ह्याखाली आत टाकत असे. गिऱ्हाइकांना गंमत वाटे, फोटो निघत.

मक्याच्या कडक पोळीत राजमा भरून आला. तात्यांनी ती वाजवून पाहिली.

“सूनबाई, ही भाकर लय वाळलीय. कांदा हाय का?”

कांदा आला, तो नाजूक चकत्या होऊन. तात्यांनी अख्खा मागितला, टेबलावर ठेवला आणि बुक्कीने फोडला. शिट्टी वाजली.

“वातावरणभंग!” शेरीफ ओरडला. “चला, बाबा.”

ललितला मेल्याहून मेल्यासारखे झाले. साहेबांसमोर बाप तुरुंगात! पण खरा घोटाळा पुढेच होता. तुरुंग स्वयंपाकघराला लागून होता. कैद्यांना काय वाढायचे, याचा विचार मालकाने केलाच नव्हता. मेन्यूतले द्यावे तर त्याचे बिल कोणाच्या नावे फाडणार? म्हणून कर्मचाऱ्यांसाठी शिजलेलेच कैद्यांना मिळे. त्या संध्याकाळी लसणाची फोडणी दिलेले पिठले, बाजरीची भाकरी आणि ठेचा होता.

वास टेबलापर्यंत आला. साहेबांच्या तोंडातले चीज तिथेच थांबले.

“पिंगळे, तुमचे वडील काय खातायत?”

“पिठलं वाटतं, सर. मी तक्रार करतो.”

“खबरदार!” साहेब उठले, टोपी जमिनीवर आपटली आणि तारस्वरात आरती म्हणू लागले. त्यांना तत्काळ अटक झाली. बाईसाहेबांनी मागोमाग वेटरला “अरे मेल्या” म्हटले. मंजुषाने “आलेच हं” म्हणून निवडुंग उपटला. मग शेजारच्या टेबलांवरही गुन्हेगारी बोकाळली. गजांआड पंगत बसली.

एकटा ललित बाहेर उरला. त्याने शिव्या दिल्या, खुर्ची उलटी केली. शेरीफ ढिम्म.

“गुन्हे घेणं बंद. आत जागा नही शे.”

“अहो, आत माझे वडील आहेत!”

“नातं चालत नही. मोठी ओळख शे का?”

ललित गजांपाशी धावला. “सर, माझ्यासाठी एक शब्द टाका ना.”

साहेबांनी ठेच्याने आलेले डोळ्यांतले पाणी पुसले. “पिंगळे, नियम मोडायला मी कसा सांगू?” आणि ते तात्यांकडे वळले. “हं, तुम्ही सुरगाण्याचं काहीतरी सांगत होता.”

“तिकडं नागलीची, म्हंजी नाचणीची, भाकर अशी मिळती म्हणता!” तात्या रंगात आले होते. “पोराला द्या धाडून तिकडं. आपण दोघं जाऊ अधनंमधनं.”

सोमवारी बदलीचा हुकूम निघाला. ललितला आता नागलीची भाकरी रोज मिळते.

एल निवडुंगोने लोकाग्रहास्तव टेबले काढून टाकली आहेत. आता सबंध हॉटेल तुरुंग आहे. दर मात्र मेक्सिकोचेच ठेवले आहेत, कारण स्वस्त केल्यावर गर्दी ओसरू लागली होती. हसू नका. घरी पिठले केले की “आज पुन्हा हेच?” म्हणून तोंड वाकडे करणारे तुम्हीच. आणि गेल्या रविवारी एल निवडुंगोच्या दारातल्या रांगेत मागच्याला कोपराने ढकलून “आत आपली ओळख आहे” असे सांगणारेही तुम्हीच होता.