बुडण्याचे प्रात्यक्षिक

कुवेतमधल्या एका भारतीय शाळेचे मुख्याध्यापक हमीदसाहेब यांनी १९६३ साली इतिहासाच्या नूरुद्दीन मास्तरांना बोलावले आणि शारीरिक शिक्षणात आता जलक्रीडा आल्याचे सांगून तो विषय त्यांच्या गळ्यात मारला.

"साहेब, मला पोहता येत नाय."

"रत्नागिरीचे ना तुम्ही?"

"व्हय. पण आमी होडीत बसतो, होडीखाली नाय."

"अर्जात जन्मगाव बंदर लिहिलंय. महिनाअखेर परीक्षक येतायत. वर्ग नापास झाला तर करार संपला. मग बसा जाऊन त्याच बंदरात."

माणसाचे ज्ञान त्याच्या जन्मगावावरून ठरवणे ही शिक्षणव्यवस्थेची जुनी सोय आहे. आणि जे येत नाही ते शिकवायला घेणे ही विद्वानांची. मास्तरांनी सातवीच्या मुलांना बाकांवर पालथे घालून हातपाय मारायला लावले. बुडणाऱ्याला वाचवण्याची रीत वहीत मुद्देसूद उतरवून दिली. समुद्र म्हणजे केवळ ओला बाक, असा सिद्धांतही मांडला.

राहिली परीक्षा, तीही समुद्रावर. गावच्या खाडीवर चांदाची तारीख मोजून ओहोटी सांगत, तो हिशेब मास्तरांनी बोटांवर केला आणि समुद्र अगदी आटलेला असेल अशी दुपार मुख्याध्यापकांना सुचवली. पाणीच नसले तर बुडणार कोण?

कुवेतच्या समुद्राला रत्नागिरीचा हिशेब कोणी कळवला नव्हता. मंडळी पोचली तेव्हा भरती धक्क्याच्या वरच्या पायरीला चाटत होती.

"आधी मास्तर उतरतील," परीक्षक म्हणाले.

शेवाळलेल्या पायरीवर उभे राहून मास्तरांनी भरतीच्या कारणमीमांसेला आरंभ केला. दुसऱ्या कारणाला पाय सटकला. ते खाली गेले, वर आले, दोन्ही हातांनी आकाशाकडे दाद मागून पुन्हा खाली गेले. तोवर सातवीतला, रोज समुद्रात डुंबणारा धिप्पाड कमाल उडी टाकून पोचला होता. त्याने मागून काख धरली, हनुवटी वर केली.

"सर, लाथा नका मारू. वहीत पान चार बघा."

परीक्षकांनी अहवाल तिथेच लिहिला : 'मुलांची तयारी उत्तम. शिक्षकांचे बुडणे हुबेहूब. हेच प्रात्यक्षिक याच शिक्षकांनी दर गुरुवारी करावे. करार तीन वर्षे वाढवावा.'

घरी फखरुन्निसाने नवऱ्याचे डोके खसाखसा पुसले. "अवो, आता तरी पोहायला शिका."

"शिकलो," मास्तर शिंकून म्हणाले, "तर नोकरी जाईल."