चव्हाणअण्णांची तालीम

चव्हाणअण्णांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, हाडं राहत. आयर्लंडमधल्या मुलिंगारच्या हॉस्पिटलात ते एक्स-रे विभागाचे डॉक्टर, मी दोन दारं सोडून पॅथॉलॉजीत. दुकानात एखादी मुलगी "हाय डॉक!" म्हणाली की अण्णा भांबावून बघत राहायचे. ती पाठमोरी झाली, की तिची चाल बघून एकदम उजळायचे. "अहो ताई, ही तर आपली डावी टिबिया! हाड काय ग्रँड जुळलंय बघा."

ही टिबिया आणि तिच्यासारखी दहा-बारा हाडं मिळून डकपॉन्ड लेडीज नावाचा फुटबॉल क्लब व्हायचा. लीगच्या सगळ्यात खालच्या विभागात. त्याखाली विभागच नव्हता, त्यामुळे घसरण्याची भीती नव्हती. कॅप्टन शिनेड पोस्टात कामाला, मधल्या फळीत दोन नर्सेस आणि खाटकाची मुलगी, आणि गोलमध्ये माझी सतरा वर्षांची लेक ऋचा.

अण्णा २००८ साली आले ते एकटेच. वहिनी कोल्हापुरात, सासूबाईंचं करत. पहिल्याच रविवारी कालव्याकाठी फिरताना अण्णांना हे मैदान दिसलं आणि त्यांनी क्लब दत्तक घेतला. क्लबला कुणी विचारलं नव्हतं. कोल्हापुरात पेठापेठांच्या तालमी फुटबॉल खेळतात, म्हणून अण्णांच्या लेखी हीसुद्धा तालीमच. "आणि तालीम म्हटली की तिला इतिहास पाहिजे!"

क्लबचं वय तेव्हा जेमतेम तीन वर्षं. अण्णांनी इतिहासाचं रजिस्टर उघडलं. प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून भर पावसात लिहायचे. प्रत्येक पराभवाखाली कारण. "कारण: वारा." "कारण: सेंटर हाफ नोकरीसाठी ऑस्ट्रेलियाला गेली." मंदीचे दिवस होते, हे कारण फार वेळा यायचं. एकदा तर "कारण: गाय." ती खरोखरच मैदानात आली होती आणि नेमकी आमच्याच बॅकच्या आडवी उभी राहिली होती. अण्णांनी गाईच्या मालकाकडे जाऊन तिचं नावही विचारून आणलं.

शिनेड एकदा म्हणाली, "डॉक, ते सात-शून्य चार-शून्य करा ना. कोण बघायला येतंय?"

अण्णांनी रजिस्टर छातीशी धरलं आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "सांगा तिला ताई. सात खाल्ले तर सातच लिहायचे. चार लिहिले की इतिहास संपला, पोवाडा सुरू."

एवढ्या रजिस्टरात एक गोष्ट मात्र नव्हती. विजय. अण्णांच्या कोटाच्या आतल्या खिशात तीन वर्षं गुलालाची पुडी होती. दर सुट्टीत कोल्हापूरला जाऊन ताजी आणायचे.

आता माझ्याबद्दल. मी फारसं बोलणारी बाई नव्हे, आणि पुढचं तर कुणालाच बोलले नव्हते.

इतक्या खालच्या लीगमध्ये लाइन्समन क्लबने आपल्यातलाच द्यायचा असतो. २०११ च्या त्या रविवारी पहिला हाफ झेंडा अण्णांकडे होता. मध्यंतरात त्यांची बोटं गारठून निळी पडली, म्हणून दुसऱ्या हाफला मी घेतला. अंगात दोघांच्याही क्लबचे तेच लांब कोट, डोक्यावर टोप्या ओढलेल्या. आम्ही एक-शून्यने पुढे होतो. शेवटचं मिनिट. समोरची एक मुलगी एकटी पुढे आली, साधा, लोळता फटका मारला आणि चेंडू ऋचाच्या दोन पायांमधून गोलात.

ऑफसाइड नव्हतं. आमची बॅक तिच्या चांगली दोन हात मागे, गोलच्या बाजूला होती. मी रेषेतच उभी होते. पण मी ऋचाचा चेहरा पाहिला, आणि माझा हात वर गेला.

रेफरीने शिट्टी मारली. गोल रद्द. सामना संपला.

मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. "नाद खुळा!" अशी आरोळी ठोकत अण्णा मैदानात घुसले आणि पुडी फुटली. वरून पाऊस. अकरा मुली, त्यांच्या पांढऱ्या जर्सी, रेफरी, कुणाचं तरी कुत्रं, सगळे गुलाबी. "डॉक, यू लेजंड!" म्हणत मुलींनी अण्णांना उचललं आणि चिखलात आपटलं. तो रंग कपड्यांतून निघालाच नाही. पुढे क्लब गुलाबीतच खेळला. ऋचा मला मिठी मारून म्हणाली, "आई, डिड यू सी? वी वन!"

मी म्हटलं, हो.

दोन वर्षं मी हो म्हणत राहिले. २०१३ मध्ये अण्णा निवृत्त होऊन परत निघाले. इतिहास छापायचा ठरला, चर्चच्या हॉलमध्ये वाचनाचा कार्यक्रम ठरला. आठवडा उरला तेव्हा मी त्यांच्या अंधाऱ्या खोलीत गेले. स्क्रीनवर कुणाचं तरी मनगट होतं.

"अण्णा, ते ऑफसाइड नव्हतं."

ते मनगटाकडेच बघत राहिले. "कितीने?"

"दोन हात."

"म्हणजे आपण जिंकलो नाही."

"बरोबरी."

"हे लिहावं लागणार, ताई."

"लिहा. माझं नाव घालून लिहा."

मी घरी येऊन ऋचाला सांगायचं ठरवलं आणि आठवडाभर तिचे आवडते पदार्थ करत बसले. सांगितलं नाही.

हॉल भरला होता. गाईचा मालकसुद्धा आला होता. अण्णा चष्मा पुसून वाचत होते, मुली हसून लोळत होत्या. तो सामना आला. मी खुर्चीची कड धरली. अण्णांनी सावकाश वाचलं: शेवटच्या मिनिटाला वर गेलेला झेंडा चुकीचा होता. खरा निकाल एक-एक. आणि तो झेंडा डॉक्टर ए. चव्हाण यांच्या हातात होता.

मग असा काही गोंगाट उठला! "डॉक, यू चीट!" पावाचे तुकडे उडाले. शिनेडने टेबलावर चढून जाहीर केलं की या माणसाने आजन्म आमच्या झेंड्याला हात लावायचा नाही. ऋचा हसून हसून रडत होती. अण्णा मान खाली घालून उभे, केसात पाव, आणि चेहरा नवऱ्या मुलासारखा.

नंतर चहाच्या टेबलाशी मी त्यांना गाठलं. "अण्णा, तुम्ही खोटं लिहिलंत?"

त्यांनी कपात बिस्किट बुडवलं. "परवा सगळी पानं चाळली, ताई. सगळ्यांची नावं आहेत. खाटकाचं, कुत्र्याचं, गाईचंसुद्धा. माझं कुठंच नाही. लिहिणाऱ्याचं यायचं कसं? मी तर आता चाललो. म्हटलं, कुणाची तरी एक चूक मोकळी आहे, ती घेऊ." बिस्किट कपात तुटून पडलं, ते चमच्याने शोधत बसले. वर बघेनात.

मी उठून खरं सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं, तर त्यांचं नाव गेलं असतं.

ते पुस्तक अजून क्लबच्या कपाटात आहे, आणि मुली त्या पानावर अजून हसतात. ऋचाला मराठी कळतं, वाचता येत नाही. म्हणून हे मराठीत लिहिते आहे. मुलिंगारच्या मराठी मंडळींपैकी कुणी वाचलंच, तर कृपा करून गप्प बसावं. झेंडा माझ्या हातात होता. नाव मात्र अण्णांचंच राहू द्या.