रक्तातली वडीलकी

माणसाचे वय हा गंभीर विषय असून तो निव्वळ जन्मदाखल्यावर सोडून चालत नाही. आपल्या डीएनएवर आयुष्यभर मिथाइल नावाच्या बारीक रासायनिक खुणा बसत-पुसत असतात. त्या तपासल्या की शरीराचे खरे वय कळते आणि येऊ घातलेल्या आजारांची चाहूलही लागते, असे शास्त्र सांगते.

दर्पण कॉलनीतल्या महिपतरावांची ही तपासणी त्यांच्या मुलाने, मोहितने, करवली. वय सत्तर, रक्त निघाले अठ्ठावन्नचे! महिपतरावांनी अहवाल चौकटीत बसवून पणजोबांच्या तसबिरीशेजारी टांगला (पणजोबा लढाईत पडल्याने त्यांची तपासणी राहून गेली) आणि "दाखल्यातलं वय म्हणजे अफवा," असे कॉलनीभर सांगत सुटले.

धाकटे बंधू शिवाजीराव सहासष्टचे. ईर्ष्येने त्यांनीही रक्त दिले, ते निघाले त्र्याहत्तरचे. बिचारे तोंड पाडून बसले. मग दसरा आला आणि त्यांचा चेहरा उजळला. या जुन्या सरदार घराण्यात दसऱ्याला तलवारीची पूजा सर्वांत वडील माणूस करतो आणि बाकीचे त्याच्या पाया पडतात. या मानासाठी महिपतराव वर्षभर जगत.

"दादा, खून थोडीच झूठ बोलतो?" शिवाजीराव पाटावर बसत म्हणाले. "आता मी मोठा. वाका."

महिपतराव घाईघाईने जन्मदाखला शोधू लागले. पण अफवेचा पुरावा कोण मानणार?

तेवढ्यात मोहितला फ्रिजवरचे बंद पाकीट आठवले. तिसरी तपासणी मोफत होती म्हणून आईचेही रक्त दिले होते (अहवाल उघडण्याची गरज कुणाला भासली नव्हती). सुधाताई, दाखल्याने चौसष्ट. रक्ताने चौऱ्याऐंशी.

शिवाजीराव पाटावरून उठले.

"अपुरी झोप, सततचं टेन्शन, यानेसुद्धा वय वाढतं," मोहित हळूच म्हणाला. "आई, कलच डॉक्टरकडे जाऊ. आणि आता आराम, मतलब आराम."

सुधाताईंनी हात पुसले, पाटावर बसून तलवारीला हळदकुंकू वाहिले आणि पाय पुढे केले. दोन्ही सरदार वाकले.

"सुखी राहा," सुधाताई म्हणाल्या. "आता चहा टाका."

दोघे भाऊ शूरपणे स्वयंपाकघरात शिरले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. साखरेचा डबा सापडत नव्हता.

वाचकहो, खुशाल हसा. फक्त त्याआधी, जागेवरून न उठता, आपल्या घरातला साखरेचा डबा कुठे असतो तेवढे सांगा. कुणाला हाक मारायची नाही.